तळघरात चौविहार

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील रसायने युरोपात जातात. त्यांच्यामागोमाग कधीतरी व्यापाऱ्यालाही जावे लागते. बोईसरमधील एका पेढीचे वडीलधारे शेठ जूनमध्ये मुलासह व्हिएन्नास गेले, तेव्हा पिशवीत खाकरे होतेच. प्रश्न भुकेचा नव्हता. जुन्या ग्राहकाने मोठ्या मानाने त्यांना एका पुरातन तळघरात भोजनास बोलावले होते आणि वर्षभराचा सौदा तेथेच ठरायचा होता.

व्हिएन्नात अशी तळघरे बरीच आहेत. मद्य थंड राहावे म्हणून जमिनीखाली विटांच्या कमानी उभारल्या गेल्या, पुढे तेथेच पंगती बसू लागल्या. एस्टरहाझी घराण्याच्या तळघराची परंपरा 1683 च्या तुर्की वेढ्यापर्यंत नेली जाते. तेथील पारंपरिक ताट म्हणजे वासराच्या मांसाचे श्नित्सेल, उकडलेले गोमांस, बटाट्याचे सॅलड. गोड काइझरश्मार्न मागवावे, तर त्यात अंडी.

मुलाचे मत पडले की एक दिवस चाखल्यासारखे करावे. शेठ म्हणाले, "बेटा, ताटाबद्दल खरे सांगता येत नाही, तर मालाबद्दल काय खरे सांगणार?"

आदल्या दिवशीच त्यांनी यजमानास सारे कळविले. मांस, अंडी, मद्य नको हे त्याला समजले. बटाट्यापाशी तो अडखळला. ऑस्ट्रियात बटाट्याला 'एर्डआप्फेल' म्हणजे भूमीचे सफरचंद म्हणतात. "मग झाडाचे चालेल?" त्याने विचारले. मैदा, पाणी व तेलाची, पलीकडची अक्षरे वाचता येतील इतकी पातळ ताणलेली पोळी, आत सफरचंद आणि दालचिनी असा तो आप्फेलश्ट्रूडेल. रममध्ये भिजवलेल्या मनुका, लोणी आणि शिळ्या पावाचा चुरा वगळून तो वेगळा करविला गेला. कोऱ्या काचेच्या बशीत तो आला. शेजारच्या मेजाकडे शेठांनी पाहिले नाही. अशा ठिकाणी बसावेच का, असे काही घरांत विचारले जाईल, आणि ते विचारणे गैरही नाही.

उरला प्रश्न सूर्याचा. पालघर-बोईसरकडे जूनमध्ये तो सव्वासातच्या सुमारास मावळतो, व्हिएन्नात नऊच्या आसपास. पण तळघराला खिडकी कुठली? मुलाने मोबाइलवर वेळ दाखविली, तरी शेठ पायऱ्या चढून रस्त्यावर पाहून आले. दुसऱ्यांदा निघाले तेव्हा यजमानही सोबत गेला. समोरच्या घरांच्या छपरांवर अजून ऊन होते. खाली येऊन शेठांनी शेवटचे पाणी घेतले, पच्चक्खाण केले. यजमानाने तोवर सौद्याचे कागद बाहेर काढले नव्हते.