पोळीचा हिशेब

‘घरचं स्वस्त पडतं’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बहुतेक वेळा ते जेवणाऱ्याच्या तोंडून येतं. करणारी ते क्वचितच म्हणते, आणि म्हणालीच तर वाण्याचं बिल हातात असताना.

आम्ही डोंबिवलीत राहतो. इथे पोळी-भाजी केंद्र शोधावं लागत नाही, स्टेशनातून घरी जाताना दोन-तीन तरी वाटेत लागतात. संध्याकाळच्या लोकलमधून उतरलेली बाई खांद्याची पर्स सावरत ‘सहा पोळ्या, एक उसळ’ म्हणते आणि पुढे रिक्षाच्या रांगेत जाऊन उभी राहते. मीही त्या बायकांतलीच. आमच्याकडे या पोळ्यांवरून सुरुवातीला बरीच धुसफूस झाली. भांडण म्हणावं इतकं काही नव्हतं. पुडकं ओट्यावर ठेवलं की नवरा ते हाताने जरा उचलून बघायचा आणि म्हणायचा, “दहा पोळ्यांचे एवढे?” एवढंच. पण ते ‘एवढे’ जेवण होईपर्यंत ताटाशेजारी बसून राहायचं.

नवरा हिशेबाचा माणूस. आकडा मांडला की त्याला पटतं, म्हणून एका रविवारी मी आकडा मांडायलाच बसले. किलोभर कणकेच्या आमच्याकडे पंचवीस-तीस पोळ्या होतात. गहू, दळण, तेल, गॅस असं सगळं धरलं तरी पोळी दोन रुपयांच्या वर जात नाही. केंद्रात तीच दहा-बारा रुपयांना. म्हणजे दहा पोळ्यांमागे ऐंशी-शंभर रुपये जास्त. “बघ, मी तेच म्हणतोय,” तो म्हणाला. मग मी विचारलं, हे ऐंशी रुपये कशाचे? कणीक भिजवायची, ती मुरू द्यायची, लाटायच्या, भाजायच्या, पोळपाट-लाटणं धुवायचं, ओट्यावर सांडलेलं पीठ पुसायचं. सगळं मिळून पाऊण तास जातो. केंद्रातली बाई या पाऊण तासाचे पैसे घेते. मी घरी पोळ्या केल्या की हे ऐंशी रुपये आपण वाचवले असं म्हणतो. ते वाचलेले नसतात. ते मी कमावलेले असतात, फक्त कुठल्या पगारपत्रकात येत नाहीत.

तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, “मग भाजीचं काय?” हाडाचा हिशेबनीस!

सरकारलाही आता हे मोजावंसं वाटू लागलं आहे. 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, तर पुरुषांची 88. 2019 मध्ये हेच आकडे 299 आणि 97 होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली म्हणून मी खूश होणार होते, तेवढ्यात पुरुषांचीही नऊ कमी झालेली दिसली. ती मिनिटं नक्की कोणाच्या अंगावर पडली की यंत्रांनी उचलली, हे त्या तक्त्यात सापडत नाही.

खरं तर मुंबईला या हिशेबाची जुनी ओळख आहे. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार गिरणगावात खानावळवाल्या बायकांकडे जेवत. दहा बाय दहाच्या खोलीत बाई पंधरा-वीस मेंबरांचं रांधायची. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर तांदूळ-रॉकेल उधारीवर किंवा सावकाराकडून उचलून, आणि व्याजातच कमाईचा मोठा भाग जायचा. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मला यात एक गोष्ट फार बोलकी वाटते. त्याच चुलीवरची, त्याच हातची आमटी मेंबराच्या ताटात पडली की बँकेला तो धंदा दिसू लागला. नवऱ्याच्या ताटात पडलेल्या आमटीला मात्र तेव्हाही भाव नव्हता आणि आजही नाही.

भाव लावायचा म्हणजे नवऱ्याला बिल द्यायचं असं मी म्हणत नाही. तसं करणारी घरं असतीलही, मला ती रुक्ष वाटतात. पण भाव माहीत असला की निर्णय नीट घेता येतो. आमच्याकडे तो असा झाला की कामाच्या दिवशी पोळ्या केंद्रातल्या, बाकी सगळं घरचं. वरण-भाताला कुकरच लागतो, त्याला माझा वेळ फारसा लागत नाही. मटकी रात्री भिजवली, सकाळी उपसून फडक्यात बांधली की मोड आपले आपण येतात आणि वाटीभर मटकीच्या चांगल्या दोन-अडीच वाट्या होतात. इतकं कमी घेऊन इतकं जास्त देणारं दुसरं काही माझ्या स्वयंपाकघरात नाही. रविवारी मात्र कणीक तो भिजवतो, मी लाटते, तो भाजतो. त्याच्या पोळीला पापुद्रा सुटत नाही. सासूबाई आल्या की ती पोळी उलटीपालटी करून बघतात आणि काही न बोलता तूप जरा जास्त वाढून घेतात.

खर्चाची खरी गळती पोळ्यांत नव्हतीच, हे वही नीट लिहायला लागल्यावर कळलं. देशाच्या 2022-23 च्या खर्च सर्वेक्षणात शहरी घराचा साधारण 39 टक्के खर्च खाण्यापिण्यावर होतो आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा दुधाचा नाही, भाजीचाही नाही. तो पेयं आणि तयार पदार्थांचा आहे. आमची वहीही तेच सांगत होती. रात्री साडेनऊला, काहीच सुचत नाही म्हणून मोबाइलवरून मागवलेलं काहीतरी. मला तसल्या खाण्याची चीड भूक लागली म्हणून मागवलं तर येत नाही. घरात काय आहे हे दोघांनाही माहीत नसतं म्हणून मागवलं तर येते. फ्रीजच्या तळाशी गवार सुकत असते आणि दारात पनीरचा डबा घेऊन मुलगा उभा असतो.

म्हणून भाजी आणायचं काम त्याच्याकडे गेलं, आणि या एका बदलाने जितकं झालं तितकं माझ्या कुठल्याही उपदेशाने झालं नसतं. जो आणतो त्याला फ्रीज आठवतो. कोथिंबिरीची जुडी पावसाळ्यात एकदम महाग होते, मे महिन्यात लिंबाला हात लावता येत नाही, हे आता तो मला येऊन सांगतो, जणू नुकताच शोध लागला आहे. परवा दोडक्याच्या शिरा मी टाकायला निघाले तर हाताला धरून म्हणाला, “चटणी कर ना!” मी म्हटलं, कर ना. त्याने केली. तीळ जरा करपले, पण संपली. उरलेल्या भाताला कांदा-मिरचीची फोडणी द्यायलाही तो शिकला आहे आणि आता मुद्दाम जास्त भात लावतो, हे माझ्या लक्षात आलेलं नाही असं त्याला वाटतं.

काटकसरीची मला मनापासून आवड नाही, हेही सांगून टाकते. आईच्या घरी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घातलेल्या असायच्या आणि मला त्यांची लाज वाटायची. ज्या बचतीत जिभेची चैन मारली जाते, ती मला बचत वाटत नाही. सायीचं विरजण लावून तूप कढवते ते पैसे वाचतात म्हणून नव्हे. कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी साखर घालून खाता येते, आणि ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.

नवरा रत्नागिरीचा. त्यामुळे आंब्यापाशी त्याचं सगळं शहाणपण गळून पडतं. मार्च संपायच्या आत, भाव आभाळाला टेकलेले असताना, हापूसची पेटी आलीच पाहिजे. मी दरवर्षी सांगते, मे महिन्यात याच पैशांत कितीतरी जास्त येतील, थांब. तो थांबत नाही. यंदाही पेटी आली, पलंगाखाली गवतात ठेवली, आणि सकाळ-संध्याकाळ वाकून वाकून आंबे दाबणं सुरू झालं. ही पेटी वहीत कुठल्या रकान्यात लिहायची यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. तो ‘फळं’ म्हणतो. मी ‘करमणूक’ लिहिते, आणि तो खोडतो.