पाऊणकी

शाळेत पाढे होते, पण पावकी, निमकी, पाऊणकी केव्हाच बंद झाल्या होत्या. त्या मला आजोबांनी शिकवल्या. हेदवीजवळच्या आमच्या घराच्या पडवीत बसून मी घोकायची : एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन.

"हे कशाला लागतं?" मी एकदा विचारलं.

"आज तिथी कोणती?"

"चतुर्थी."

"चार पाऊण तीन. तीन वाजता बामणघळीवर चल माझ्याबरोबर."

हेदवीच्या किनाऱ्यावर काळ्या कातळाला पडलेली ती अरुंद, खोल भेग म्हणजे बामणघळ. ओहोटीला तिथे नुसता गुळगुळीत दगड आणि तळाशी थोडं पाणी. भरतीला मात्र लाट त्या चिंचोळ्या वाटेने आत घुसते, पुढे जायला जागा उरत नाही, आणि कातळावर आपटून ती सरळ आकाशाकडे उसळते. त्या दिवशी तीनच्या सुमारास ते पांढरं पाणी माझ्या डोक्यावरून वर गेलं, आणि पाऊणकी खरी असते हे मला कळलं.

हिशेब साधा आहे. अमावास्या-पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर बाराच्या आसपास पूर्ण भरती असते. चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पुढे सरकते. पंधरा तिथींमध्ये बारा तासांचा फेरा पुरा होतो, म्हणजे तिथीमागे 48 मिनिटं. पाऊण तासाची 45. तीन मिनिटांचा फरक तोंडी हिशेबाने पोटात घेतला. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. खाडीतली तर कधी सुटेल, कालवं काढायला कधी उतरायचं, होडी कधी ओढून घ्यायची, सगळं त्यावर.

पुढे मी शिकायला पुण्याला गेले आणि पाऊणकी विसरले. एका वर्षी आम्ही मैत्रिणींनी कोजागिरी हरिहरेश्वरला केली. दुसऱ्या दिवशी साडेअकराला प्रदक्षिणेच्या वाटेने खाली उतरलो. डोंगराच्या फटीतून पायऱ्या थेट समुद्राकडे जातात. खाली एका बाजूला लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने पोखरलेली कातळाची भिंत. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, एकेका कप्प्यात मूठ मावेल एवढी. दुसऱ्या बाजूला पाण्याशी भिडलेला सपाट खडक. त्या जाळीत बोटं घालून मी उभी होते, तेवढ्यात लाट कमरेपर्यंत आली आणि पायाखालचा खडक दिसेनासा झाला. एकमेकींचे हात धरून आम्ही कशाबशा पायऱ्यांवर आलो. त्या वाटेवर जीव गेलेले आहेत. आमचे वाचले.

रात्री घरी फोन केला. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथी कोणती होती?"

मी गप्प.

"काल पौर्णिमा झाली. आज प्रतिपदा. एक पाऊण पाऊण. पाऊण वाजता पूर्ण भरती, तीही उधाणाची. साडेअकराला तू खाली उतरलीसच कशी?" शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज कापला. आजोबांचा आवाज कापलेला मी एकदाच ऐकला.

काही वर्षांनी ते गेले. आश्विन वद्य चतुर्थी, सकाळचे नऊ. घरातून समुद्र ऐकू येत नव्हता. आजी म्हणाली, "पाणी उतरलं तसे गेले." मी मनात मोजलं : चार पाऊण तीन, तीन आणि सहा नऊ. पूर्ण ओहोटी.

श्राद्ध काका करतात. मी त्या तिथीला किनाऱ्याचा रस्ता धरते. तारीख दरवर्षी बदलते. कधी दहा-अकरा दिवस अलीकडे, अधिक मास आला की पलीकडे. पण तिथी परतते ती समुद्राला सोबत घेऊन. कुठलंही वर्ष असो, त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास पाणी तिथेच उतरलेलं असतं, जिथे ते आजोबा गेले तेव्हा होतं. तारखेत हे सामर्थ्य नाही.

यंदा बरोबर माझी दहा वर्षांची लेक होती. नऊ वाजता हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कोरड्या खडकावरून केली. जाळीच्या कप्प्यांत तिनेही बोटं घातली. मग बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवून सावित्रीची खाडी ओलांडली आणि वेसवीला उतरलो. तिथून बाणकोट, केळशी, आंजर्ले, हर्णै. पाऊस सरून थोडेच दिवस झाले होते. सड्यावरचं गवत पिवळं पडत होतं, खाली खाचरांतून भाताची कापणी चालली होती, आणि दर वळणावर काळा कातळ, त्यापलीकडे निवळत चाललेलं पाणी. हर्णैला सुवर्णदुर्ग समुद्रात उभा. दाभोळला पुन्हा फेरीबोट. 2003 साली ती सुरू होण्याआधी पलीकडच्या धोपाव्याला गाडीने जायचं तर चिपळूणचा वळसा पडायचा. वाशिष्ठी ओलांडताना लेक कठड्याला टेकून पुटपुटत होती. आदल्या रात्री मी तिला पाऊणकी शिकवली होती.

गुहागर मागे टाकून तीनला पाच कमी असताना आम्ही बामणघळीवर पोचलो. तिने माझ्या फोनवर भरतीची वेळ पाहिली. पाऊणकीशी काही मिनिटांचा फरक होता. "मग खरं कोणाचं?" तिने विचारलं.

"फोन मिनिट सांगतो," मी म्हणाले, "पण पाऊणकी आधी तुलाच विचारते, आज तिथी कोणती. त्यासाठी रोज चंद्रावर लक्ष ठेवावं लागतं." आजोबांनी मला हिशेब शिकवला असं मी इतकी वर्षं समजत होते. त्यांनी लक्ष ठेवायला शिकवलं होतं. चंद्रावर, पाण्यावर, आणि दूर कुठेतरी खडकावर उतरणाऱ्या नातीवर.

घळीत लाट शिरली. कातळ आतून घुमला आणि पाणी आमच्या डोक्यावरून उंच उसळलं. लेक चिंब झाली. तोंडावरचं खारं पाणी पुसत तिने बोटं मोजली.

"पाच पाऊण पावणेचार," ती म्हणाली. "उद्या पावणेचारला येऊ या."