शून्य टक्के धरणातले पाणी

चि. बाळ,

उदगीरला मत्स्यशास्त्र शिकलेल्या मुलाने नकाशे काढायची नोकरी का धरावी, असा तुझ्या वडिलांचा सवाल आहे. त्यातही समुद्र नसलेल्या हिंगोलीत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळेल ते कोकणातल्या मच्छीमाराला कळवते, हे त्यांनी ऐकले असेल. धरणांवरचे काम मात्र फारसे कुणाच्या नजरेत येत नाही. म्हणून हे पत्र त्यांनाही वाचून दाखव.

पूर्णा नदीवरची येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे घे. येलदरीत वीज करून सोडलेले पाणी औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वरात अडते आणि तिथून कालव्याला लागते. येलदरीची एकूण क्षमता ९३४ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातले सुमारे ८१० उपयुक्त. सिद्धेश्वर सुमारे २५१ दलघमीचे, पण त्यातले उपयुक्त जेमतेम ८१. टक्के मोजतात ते या उपयुक्त साठ्याचेच. म्हणजे दुष्काळात दोन्ही धरणे ‘शून्य टक्क्यां’वर आल्याची बातमी येते, तेव्हा येलदरीत सव्वाशे दलघमीच्या आसपास पाणी असते आणि इतक्या लहान सिद्धेश्वरात त्याहून जास्त, जवळपास १७०. कालव्यावरच्या शेतकऱ्याला दोन्ही सारखीच संपलेली. माशांना मात्र पुढच्या पावसापर्यंत याच पाण्यात दिवस काढायचे असतात.

हे उरलेले पाणी किती हेक्टरांवर पसरले आहे? मत्स्यशास्त्रातल्या नकाशाकाराचे काम इथून सुरू होते. बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्ले, किती सोडायची ते हेक्टरावर ठरते. मच्छीमार संस्थेच्या ठेक्याची रक्कमही जलक्षेत्रावरच. आणि धरणाचा काठ तर महिन्यागणिक सरकतो. ऑक्टोबरात जिथे जाळे लागते, तिथे उन्हाळ्यात गाळपेरीतल्या टरबुजांचे वेल पसरलेले असतात.

सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाजूचा चौकोन. असे १०० चौकोन मिळून एक हेक्टर. पाणी अवरक्त किरण शोषून घेते, म्हणून त्या चित्रात काळे दिसते. उभे पीक ते परतवते, म्हणून उजळ. हिरवा आणि अवरक्त प्रकाश ताडून पाणी ओळखायचे सूत्र मॅकफीटर्स या संशोधकाने १९९६ मध्ये मांडले. सूत्र संगणक चालवतो, पण ते कुठे फसते हे माणसालाच हुडकावे लागते. जलपर्णीने झाकलेले पाणी त्याला शेत वाटते. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तेव्हा सेंटिनेल-१ च्या रडारचा आधार. पण वाऱ्याने लाटा उठल्या की तेही चकते. काठावरचा चौकोन अर्धा चिखल, अर्धे पाणी. पाण्याखालचे, जाळी फाडणारे खुंट तर उपग्रहाला दिसतच नाहीत. ते भोईच सांगतात, आणि त्यांच्यासोबत होडीत बसल्याशिवाय सांगत नाहीत.

भरल्या धरणाचे हेक्टर धरून बोटुकली सोडली आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर आटलेल्या पाण्यात माशांची दाटी होते, प्राणवायू कमी पडतो आणि मासे मरतात. ती मर शेवटी संस्थेच्या सभासदांच्या अंगावर येते. त्यांच्या हातात महिनावार नकाशा असेल तर ते ठेक्याच्या आकड्याला आपल्या आकड्याने उत्तर देऊ शकतील. मला या नोकरीत हेच सर्वांत मोलाचे वाटते. शिवाय लँडसॅटची १९७२ पासूनची जुनी चित्रे २००८ पासून फुकट मिळतात, तेव्हा २०१६ च्या दुष्काळातला काठही आज मोजता येतो.

रुजू झालास तर आधी सिद्धेश्वरचा जूनच्या पहिल्या आठवड्यातला नकाशा कर. काठावरच्या गावांची नावे मराठीत, ठळक अक्षरांत घाल आणि हेक्टरांशेजारी चित्राची तारीख लिही. एक प्रत कार्यालयाला दे, दुसरी संस्थेच्या चिटणीसांकडे.

तुझी मावशी,
वसमत