एक पैसा कोठून आला?

पनवेलच्या आमच्या जुन्या वाड्यांत दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं एक लहानसा समारंभ होतो. थोरले दादा ओसरीवर बसून भाड्याच्या वहीवर सही करतात आणि मग अण्णा व मी आपापला वांटा उचलतों. चाळीस वर्षें हा हिशेब दादांनीं एकट्यानें ठेवला. यंदां डोळे साथ देईनात, म्हणून अण्णांच्या मुलानें संगणकासाठीं एक प्रोग्रॅम लिहून दिला. आणि पहिल्याच महिन्याला घोटाळा झाला!

भाडें जमलें ८,००० रुपये, वांटेकरी तिघे. यंत्रानें प्रत्येकाच्या नांवावर २,६६६.६७ मांडले. दादांनीं बेरीज केली ती ८,०००.०१.

"एक पैसा कोठून आला?" दादांनीं विचारलें.

पुतण्या हंसला. "दादाकाका, पैशाचें नाणें आतां चालतें तरी का?"

"नाणें गेलें, हिशेब गेला नाहीं," असें म्हणून दादांनीं लेखणी खालीं ठेवली. सही झाली नाहीं. आपल्या मुलावर अविश्वास दाखविला असें अण्णांना वाटलें, आणि ते न बोलतां उठून गेले. त्या एका पैशाची एवढी किंमत मला परवडण्यासारखी नव्हती.

रात्रीं मी पुतण्याजवळ बसलों. त्यानें मला एक गंमत दाखविली. २.६७५ ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत आणावयास त्यानें यंत्राला सांगितलें. शाळेंतील नियमाप्रमाणें उत्तर २.६८ हवें; यंत्रानें दिलें २.६७! कारण असें कीं, यंत्राला अर्धा, पाव, अर्धपाव असे निम्म्याचे निम्मेच समजतात. एक दशांश त्यांतून नेमका कधींच होत नाहीं. तो जवळपास मांडावा लागतो. यंत्राच्या पोटांत २.६७५ ही संख्या मुळांतच केसभर कमी होती.

मला एकदम पावकी-निमकी आठवली. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा जुना रुपया ह्या यंत्रानें बिनचूक मोजला असता. अडला असता तो फक्त पईपाशीं. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं तेव्हां आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले. कोष्टकांत एका आण्याला ६, दोहोंना १२, तिहींना १९ व चोहोंना २५ पैसे दिलेले होते. म्हणजे चार आणे एकदम दिले तर २५, आणि एकएक करून चारदां दिले तर २४! पूर्णांक करणें हा दोष नव्हे. तो पायरीपायरीला करीत जाणें, हा दोष.

अशा दोषानें केवढा अनर्थ होतो, तें कॅनडांतील व्हँकूव्हरच्या शेअरबाजारानें पाहिलें. तेथील निर्देशांक जानेवारी १९८२ मध्यें १,००० पासून सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर यंत्र तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक छाटून टाकी. नोव्हेंबर १९८३ पर्यंत आंकडा ५२४.८११ वर उतरला. नीट मोजतां तो १,०९८.८९२ निघाला. बाजार चढलेला आणि आंकडा निम्म्यावर!

पुतण्यानें त्या रात्रींच प्रोग्रॅम बदलला. आतां सारा हिशेब अखंड पैशांत: ८,००,००० पैसे, प्रत्येकी २,६६,६६६, बाकी २. पण ह्या बाकीचें काय करावें? आमची आजी वांटणींत उरलेली चिल्लर देवापुढच्या डबींत टाकीत असे. पुतण्यानें वहींत एक नवें सदर घातलें: 'देवाकडे, २ पैसे'.

सकाळीं दादांनीं वही पाहिली, पण बेरीज स्वतः न करतां अण्णांना हांक मारली आणि म्हणाले, "तूं कर." अण्णांनीं ती केली. ती बरोबर ८,००० आली. मग दादांनीं सही केली, आणि लेखणी पुतण्याच्या हातीं देऊन म्हणाले, "खालीं तुझीही असूं दे."