वर्गणीचा प्रोसेसर

नांदेडच्या आमच्या वस्तीत एक छोटी अभ्यासिका आहे आणि तिच्यात एक संगणक. २०१६ साली वर्गणी करून घेतलेला. मुले-मुली त्यावर महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, स्पर्धा परीक्षांची हॉल तिकिटे काढतात. आम्ही कारकून माणूस, बी.कॉम. झालेलो. म्हणून अभ्यासिकेचा हिशेब आमच्याकडे आला आणि त्याच्याबरोबर संगणकही आला. हिशेब आम्हास कळतो, तितका संगणक कळत नाही. परंतु हे कबूल करायला एक चूक व्हावी लागली. वाचक बंधू-भगिनींनो, तीच चूक आज सांगत आहोत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमचा होता सहाव्या पिढीचा, आय-थ्री ६१००. मुलांचे आधार क्रमांक आणि बँक खाती ज्या यंत्रात टाकायची, ते यंत्र असे उघड्यावर ठेवणे बरे नव्हे, असे बैठकीत ठरले. ५२ घरांनी प्रत्येकी १०० रुपये दिले. ५,२०० रुपये जमले. त्यात धुणीभांडी करणाऱ्या बायांचे पैसे होते, मोंढ्यात हमाली करणाऱ्यांचेही होते.

त्याच सुमारास लातूरला ताईकडे जाणे झाले. भाच्याचा संगणक २०१७ च्या सुमाराचा, बोर्ड बी ३५०, वर एएमडीचा रायझन ३ १२००. त्याने तो प्रोसेसर काढून २०२२ साली निघालेला रायझन ५ ५५०० बसवला होता. “मामा, बोर्ड तोच आहे. निस्ता प्रोसेसर बदलला, बघा कसा पळतोय,” तो म्हणाला. आम्ही मनात म्हटले, लातूरला बसतो तर नांदेडला का बसू नये?

तिथेच एका दुकानातून आम्ही आठव्या पिढीचा जुना आय-थ्री ८१०० हा प्रोसेसर ३,२०० रुपयांना घेतला. दुकानदाराने विचारले, “साहेब, बोर्ड कोणता आहे?” आम्ही ऐटीत सांगितले, “११५१ सॉकेट.” तो म्हणाला, “ते खरं, पण चिपसेट कोणता?” आम्ही म्हटले, “सॉकेट जुळतं ना, मग द्या.” त्या माणसाने विचारले होते. ऐकले नाही ते आम्ही.

एसटीने चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला आलो. वस्तीतल्या दुरुस्तीचे काम करणाऱ्या पोराने प्रोसेसर बसवला. अगदी बरोबर बसला. पंखा फिरला, पण पडदा काळाच. दोनदा, तीनदा पाहिले. शेवटी त्याने बोर्डावरची अक्षरे वाचली आणि म्हणाला, “काका, हा एच ११० आहे. यावर आठवी पिढी चालत नाही.”

घरी मुलीला जवळ बसवून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरची यादी वाचली, तेव्हा उलगडा झाला. इंटेलने २०१५ साली ११५१ टोकांचे हे सॉकेट आणले. सहावी आणि सातवी पिढी त्यावर चालली. २०१७ च्या अखेरीस आठवी पिढी आली. तिच्यातही टोके ११५१ च, परंतु काही टोकांचे काम बदललेले. गाभे वाढले, म्हणून वीज पुरवण्याची व्यवस्था बदलली, असे कंपनीचे म्हणणे. त्यामुळे आठव्या पिढीला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. किल्ली कुलपात जाते, पण फिरत नाही, असा हा प्रकार.

मग भाच्याचे कसे जमले? एएमडीने २०१७ पासून रायझनसाठी एएम ४ हे एकच सॉकेट बरीच वर्षे चालवले. २०२२ मध्ये तर ५००० मालिकेचे प्रोसेसर ३०० मालिकेच्या जुन्या बोर्डांवरही चालतील अशी सोय दिली. मात्र त्यासाठी बोर्डाचे बायोस नवे करावे लागते. भाच्याने जुना प्रोसेसर काढण्याआधीच ते केले होते. त्याच्या पुढचे एएम ५ मात्र वेगळे सॉकेट आहे आणि त्याला डीडीआर ५ रॅमच लागते. म्हणजे तिथेही जुन्या बोर्डाची साथ कधीतरी संपतेच.

या भानगडीत यंत्र आठ दिवस उघडे पडले. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला एका मुलीला शहरात पैसे मोजून बसावे लागले. ते आम्हास फार लागले. बैठकीत सगळे सांगितले आणि म्हटले, “बोर्डाचे पैसे आम्ही भरतो.” आमच्या खजिनदार मावशी शाळा फारशी शिकलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “कमी पडतील तेवढे भरा, भाऊ. पण कशापायी गेले ते वहीत लिहा, अन् समद्यांना वाचून दाखवा. उद्या दुसरं कोणी असंच आणील.”

एच ३१० चा जुना बोर्ड २,८०० रुपयांना मिळाला. आधीची डीडीआर ४ रॅम, पेटी, वीजपुरवठा तेच चालले. बायोसमध्ये टीपीएमची सोय सुरू केली आणि विंडोज ११ बसले. एकूण खर्च ६,००० रुपये. वरचे ८०० आमचे. वहीत नोंद झाली आणि सर्वांसमोर वाचलीही.

त्या नोंदीखाली आम्ही चार ओळी लिहिल्या आहेत. आपल्याही उपयोगी पडतील. एक, बोर्डावरचे पूर्ण नाव आणि आवृत्ती लिहून घ्यावी. दोन, कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाची प्रोसेसरची यादी असते. तीत नाव असेल, तरच पैसे द्यावेत. यादीत बायोसची आवृत्तीही दिलेली असते. तीन, बायोस जुना प्रोसेसर असतानाच बदलावे, आणि ते यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. चार, रॅम कोणती, आणि बोर्डाला तेवढ्या वॅटचा प्रोसेसर झेपतो का, हेही पाहावे.

आम्ही गणित नफ्या-तोट्याचे शिकलो, पण विचारून घ्यायला कमी पडलो. दुकानदाराच्या प्रश्नाला “माहीत नाही, बघून सांगतो” एवढे उत्तर दिले असते, तर आठ दिवस वाचले असते. पैसे आपले असोत की चौघांचे, खिशातून काढण्याआधी हे चार शब्द म्हणायला लाजू नये.