मुदतबाह्य

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. त्या दिवशी ते वापरणारे संगणक बंद पडले नाहीत की हळूही झाले नाहीत. दुधाच्या पिशवीवर निदान तारीख असते आणि तारीख उलटली की वासही येतो. संगणकाचं तसं नाही. मुदत संपल्याचं त्याच्या तोंडावर दिसत नाही, म्हणून घरातल्या माणसांना ते पटवणंही अवघड जातं.

आईचा लॅपटॉप २०१४चा, चौथ्या पिढीचा आय-थ्री. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० हवं. म्हणजे हा लॅपटॉप अधिकृतपणे वरच्या वर्गात जाऊच शकत नाही. नोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, पण ती झाली मुदतवाढ. नवा घेऊन देतो म्हटल्यावर आई म्हणाली, "चालतंय ते टाकायचं कशाला? आणि माझे शब्द त्यात कोण आणणार?"

शाळेतून निवृत्त झाल्यापासून आई तिच्या माहेरचे, चिपळूणकडचे बोलीतले शब्द जमवते आहे. अकरा हजारांच्या आसपास नोंदी झाल्या आहेत आणि सगळ्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. तेव्हाचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. संगणकाच्या लेखी ती फाइल म्हणजे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ. तो ठरावीक फॉन्ट असेल तरच त्यातून मराठी दिसतं. तिचा फॉन्ट एका जुन्या टंकलेखन प्रणालीला बांधलेला आणि ती प्रणाली या लॅपटॉपवरच्या विंडोजवरच चालते. लॅपटॉप काढून टाकला तर शब्द पुसले जाणार नाहीत, पण ते वाचता येणार नाहीत.

सपोर्ट संपणं म्हणजे काय, हे आईला समजावताना मी ठिगळांचं उदाहरण दिलं. सॉफ्टवेअरमध्ये भोकं सापडतच राहतात आणि कंपनी ठिगळं लावत राहते. सपोर्ट संपला की ठिगळं थांबतात, भोकं सापडायची थांबत नाहीत. उलट नव्या आवृत्तीसाठी ठिगळ निघालं की त्याचा अभ्यास करून मूळ भोक कुठे होतं हे चोरांना कळतं, आणि तेच भोक बरेचदा जुन्या आवृत्तीतही असतं.

पण दोष सगळा वयाचा नसतो. मे २०१७मध्ये वॉनाक्रायने जगभरातले संगणक ओलीस धरले. त्यावरचं ठिगळ मार्चमध्येच निघालं होतं. सगळ्यांचं बोट विंडोज एक्सपीकडे गेलं, पण बळी पडलेल्यांत मोठा भरणा विंडोज ७चा होता. तिला तेव्हा सपोर्ट होता, लोकांनी अपडेट केलेलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला आणि न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम खोळंबलं. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. म्हणजे अपडेट न करणारेही सापडले आणि करणारेही.

घरात यावर एक सोपा तोडगा निघाला होता: आईने इंटरनेट वापरूच नये. बँक, वीजबिल, एफडीचं नूतनीकरण, सगळं मी पाहावं. ऐकायला हे जबाबदारीचं वाटतं. आई शांतपणे म्हणाली, "लॅपटॉप म्हातारा झाला तर मला कशाला रिटायर करतोस?" तिचं बरोबर होतं. कधीच न उघडलेला लॅपटॉप सर्वांत सुरक्षित असतो, आणि कशालाच हात न लावणारी आईसुद्धा. दोन्हींचा उपयोग सारखाच.

मग आम्ही कामंच वेगळी केली. आधी सगळ्या फाइलींच्या दोन प्रती दोन बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. एक तिच्या कपाटात, एक माझ्याकडे. डिस्क लॅपटॉपला लावून ठेवायची नाही, कारण खंडणीखोर सॉफ्टवेअर जोडलेली डिस्कही सोडत नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम आठ जीबी केली. विंडोज तसंच ठेवलं, पण त्याचं नेटवर्क बंद केलं. तिथे फक्त शब्दसंग्रह. शेजारी लिनक्स मिंट टाकलं. इंटरनेट फक्त तिथून. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, आणि वेळच्या वेळी अपडेट. लॅपटॉपच्या बायोसचे अपडेट मात्र कधीच थांबले आहेत, त्यावर आमच्याकडे इलाज नाही. म्हणून बँकेचं काम फोनवर, जोवर त्या फोनला अपडेट येतात तोवर.

आणि आईवर प्रत्यक्ष चाल झाली ती त्या फोनवरच. पोलिसांच्या वेशातला एक माणूस व्हिडिओ कॉलवर आला: तुमच्या नावाचं पार्सल सापडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. असल्या अटकेची कायद्यात तरतूदच नाही, हे आईने पेपरात वाचलं होतं. "वॉरंट पोस्टाने पाठवा," म्हणून तिने फोन ठेवला. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा नंबर आता फ्रिजवर चिकटवलेला आहे. कुठल्याही अपडेटने थांबला नसता असा हल्ला एका शिक्षिकेच्या सवयीने थांबला.

विंडोज बाजूला ठेवलंय ते कायमचं नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं त्यांना नीट जमत नाहीत. बोलीतल्या शब्दांत तर चूक झाली हे ओळखायला तो शब्द आधी माहीत असावा लागतो. म्हणून आई जुनी नोंद छापून समोर ठेवते आणि लिनक्सवर एकेक तपासते. रोज वीस, पाहुणे आले तर दहा. मी तिला सांगितलं की आपल्या मिंटचा सपोर्टही एप्रिल २०२९ला संपणार आहे. तिने कॅलेंडरच्या मागच्या पानावर गुणाकार-भागाकार केला आणि म्हणाली, त्याच्या बऱ्याच आधी होतंय. सध्या ती 'प'वर आहे.