मोटारचालकाचे काय झाले?

इंग्रजी साहित्याच्या एका निवृत्त अध्यापकांच्या संग्रही रेमंड चँडलर यांच्या 'द बिग स्लीप' (१९३९) या कादंबरीची एक जीर्ण प्रत आहे. विद्यार्थिदशेत त्यांनी ती प्रथम वाचली, तेव्हा एका पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिले होते : 'मोटारचालकाचे काय झाले?' पुढे अनेक वर्षांनी एका व्याख्यानाच्या तयारीसाठी त्यांनी तीच प्रत उघडली आणि त्या प्रश्नाखाली शाईने एकच शब्द लिहिला : 'अप्रस्तुत.' निवृत्तीनंतरच्या वाचनात या दोन्ही नोंदी त्यांच्यासमोर एकत्र आल्या. हस्ताक्षर एकाच माणसाचे. परंतु आता त्यांना पेन्सिलीने लिहिणाऱ्या वाचकाचे म्हणणे अधिक खरे वाटू लागले.

हा मोटारचालक म्हणजे ओवेन टेलर. लॉस एंजेलिसमधील धनाढ्य जनरल स्टर्नवूड यांच्या घरी तो नोकरीस आहे. त्यांची धाकटी मुलगी कार्मेन हिला घेऊन तो एकदा युमाला गेला होता. थोरल्या बहिणीने दोघांना परत आणले, त्याला तुरुंगात टाकविले आणि लगेच सोडविलेही. तो पुन्हा त्याच घरची मोटार चालवू लागला. कार्मेनची नग्न छायाचित्रे घेणाऱ्या गायगरला तो गोळी घालतो. त्यानंतर मोटारीसह त्याचे प्रेत समुद्रातून बाहेर काढले जाते. त्याला वाटेत गाठून बेशुद्ध केल्याचे ब्रोडी नावाचा इसम कबूल करतो. ठार मारल्याचे मात्र करीत नाही. ही आत्महत्या की खून, याचा निर्णय कादंबरी देत नाही. आणि काही प्रकरणांनंतर हा प्रश्न कोणी विचारीतही नाही.

'हार्डबॉइल्ड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कादंबरीप्रकाराविषयी जाणत्या वाचकांनी दिलेले अभिप्राय परस्परांपासून बरेच दूरचे आहेत. एडमंड विल्सन यांनी १९४४ मध्ये 'द न्यूयॉर्कर'मध्ये गुप्तहेरकथांविषयी नाराजी व्यक्त केली, तेव्हा वाचकांच्या निषेधपत्रांचा त्यांच्यावर भडिमार झाला. त्या पत्रलेखकांच्या शिफारशींनुसार आणखी पुस्तके वाचून त्यांनी १९४५ मध्ये दुसरा लेख लिहिला. त्यात त्यांनी चँडलर यांचा अपवाद केला; 'फेअरवेल, माय लव्हली' त्यांना आवडली, पण गुप्तहेरकथा म्हणून नव्हे, साहसकथा म्हणून. स्वतः या वाङ्मयाचे व्यसनी असल्याचे मान्य करणाऱ्या डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ मध्ये म्हटले की, चँडलर यांची पुस्तके पलायनवादी वाङ्मय म्हणून नव्हे, तर कलाकृती म्हणून वाचली पाहिजेत. तोदोरोव यांनी १९६६ मध्ये या प्रकाराची संरचनात्मक मांडणी केली : रहस्यकथेत गुन्ह्याची कथा आणि शोधाची कथा अशा दोन कथा असतात, येथे पहिली मागे सरते, आणि वाचकाच्या कुतूहलाची जागा पुढे काय घडेल याची उत्कंठा घेते. फ्रेडरिक जेमसन यांनी १९७० मध्ये दाखविले की, विखुरलेल्या महानगरातील एकमेकांना न दिसणारे सामाजिक स्तर जोडून पाहण्याची सोय म्हणजे चँडलर यांचा गुप्तहेर.

या सर्वांच्या तळाशी एक समान गृहीत आहे. खून कोणी केला हा प्रश्न चँडलर यांच्या बाबतीत गौण आहे. खरे महत्त्व शैलीचे, वातावरणाचे, नगरदर्शनाचे. लेखकाची साक्षही याच बाजूची आहे. हॉवर्ड हॉक्स या कादंबरीवर चित्रपट करीत असताना (तो १९४६ मध्ये प्रदर्शित झाला) त्यांचा आणि हम्फ्री बोगार्ट यांचा याच मृत्यूवरून वाद झाला. त्यांनी चँडलर यांना तार केली, पण त्यांनाही उत्तर ठाऊक नव्हते. १९४९ च्या एका पत्रात चँडलर यांनी ही कबुली देऊन ठेवली आहे. शिवाय ही कादंबरी 'किलर इन द रेन' (१९३५) आणि 'द कर्टन' (१९३६) या त्यांच्याच कथांतून मुख्यतः बेतलेली आहे; तेव्हा चालकाचा मृत्यू हा त्या जोडकामातील एक सुटलेला टाका आहे, असेही स्पष्टीकरण देता येते.

परंतु टाका का सुटला याचा खुलासा म्हणजे सुटलेल्या जागेचा अन्वयार्थ नव्हे. कादंबरीत आणखी एक नाहीसा झालेला पुरुष आहे : जनरलचा जावई रस्टी रेगन. त्याला शोधण्यासाठी मार्लोला प्रारंभी नेमलेलेही नसते. तरी भेटणारा जो तो मार्लोला हेच विचारतो की, तू रेगनला शोधतो आहेस काय? रेगनने कार्मेनला नाकारले, चालकाने तिच्यावर प्रेम केले. दोघेही प्राणास मुकले. एकाचा छडा लावण्यात कथानकाची सगळी वाट खर्ची पडते आणि त्याच्या मृत्यूचे सत्य म्हाताऱ्या जनरलपासून लपविताना मार्लो स्वतः मलिन होतो. दुसऱ्याची चौकशी धक्क्यावरच जवळजवळ आटोपते. मेलेल्याला आपण कोठे पडलो आहोत याचे सोयरसुतक नसते, असे मार्लोचे अखेरचे चिंतन आहे. मृत्यू साऱ्यांना समान करतो, हे खरे. परंतु चौकशी समान करीत नाही.

चँडलर यांना हे अभिप्रेत होते, असे म्हणण्यास आधार नाही. त्यांची कबुली पाहता ते नसावेच. म्हणूनच त्याची जबाबदारी वाचकाकडे येते. नोकराच्या मृत्यूला उत्तर मिळाले नाही, हा ज्यांना रचनेतील दोष वाटतो आणि ज्यांना तो शैलीच्या मानाने क्षुल्लक वाटतो, ते दोघेही टेलरला कथानकाचा एक भाग म्हणूनच मोजतात. त्याच्या मरणाने कोणाचे काय गेले, हा प्रश्न दोघांच्याही अभिप्रायात येत नाही. स्टर्नवूडांच्या घराने जे विसरायचे ठरविले, तेच अभिरुचीनेही विसरावे, हा योगायोग निरागस म्हणता येणार नाही.

त्या अध्यापकांना आता आठवते की, व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्याने उभे राहून हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी तोदोरोव यांच्या आधारे उत्तर दिले, तारेचा किस्सा सांगितला. वर्ग हसला आणि विद्यार्थी खाली बसला. उत्तरात चुकीचे असे काही नव्हते. विद्यार्थी कादंबरीप्रकाराविषयी विचारीत नव्हता, एका मेलेल्या माणसाविषयी विचारीत होता, एवढेच त्यांनी त्या वेळी ऐकले नाही. समासातील 'अप्रस्तुत' हा शब्द त्यांनी अद्याप खोडलेला नाही. आपणही असे वाचले होते, याचा तेवढाच पुरावा त्यांच्याजवळ आहे.